धुराची बेरीज



महाडकडच्या एका निवृत्त शाळामास्तराचें इतिहासावर भाषण आहे असें कळल्यावर तो रायगडाविषयीं अथवा चवदार तळ्याविषयीं बोलेल, अशी आपली अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. ते दोनही विषय थोर आहेत, आणि त्यांवर माझ्याहून अधिकारी माणसें पुष्कळ बोललीं आहेत. मला आज निराळ्याच एका गोष्टीचा इतिहास सांगावयाचा आहे. एका जागीं अनेक धुराडीं उभीं असलीं म्हणजे त्यांचा धूर हवेंत एकमेकांत कसा मिसळतो, कोठवर पसरतो, आणि अमुक एका घराच्या ओटीवर त्या सर्वांचा मिळून किती अंश येऊन पोंचतो, याचा हिशेब मनुष्यास केव्हां व कसा करतां येऊं लागला, ती ही गोष्ट होय. विषय रुक्ष आहे खरा. परंतु माझें गांव तुडील हें महाड तालुक्यांतलें, सावित्रीच्या खोऱ्यांतलें आहे. आणि त्याच खोऱ्यांत बिरवाडीच्या आसपास औद्योगिक विकास महामंडळाची रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी आहे. त्यामुळें हा हिशेब आम्हां लोकांना निव्वळ पुस्तकी राहिलेला नाहीं.

आपल्याकडे या कथेचा आरंभ मुंबईंत होतो. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं सूत-कापडाच्या गिरणीसाठीं कंपनी काढली, आणि १८५६ सालीं ताडदेवास ती गिरणी चालूं झाली. पुढील साठ वर्षांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरांत गेली. परळ, लालबाग, भायखळा या भागांस गिरणगांव म्हणूं लागले, आणि तेथील चाळींतून रत्नागिरी व कुलाबा या जिल्ह्यांतलीं माणसें दाटीवाटीनें राहूं लागलीं. महाड-पोलादपुराकडील कित्येक घरांतला कर्ता पुरुष त्या काळीं गिरणींत असे. गिरणीच्या धुराड्याला हे लोक ‘चिमणी’ म्हणत. इंग्रजी शब्दाला आमच्या कोंकणी माणसानें असे पंख लावून दिले खरे, पण ही चिमणी दिवसरात्र दगडी कोळशाचा काळा धूर ओकीत असे आणि तो धूर वाळत घातलेल्या धोतरापासून भाकरीच्या परातीपर्यंत सर्वत्र उतरत असे.

तक्रारी वाढल्या तेव्हां सरकारनें कायदा केला. बंगालसाठीं १९०५ सालीं आणि मुंबईसाठीं १९१२ सालीं धुराच्या उपद्रवाचे स्वतंत्र कायदे झाले; त्यांची अंमलबजावणी करण्यास आयोग व निरीक्षक नेमण्यांत आले. आतां निरीक्षकानें धूर मोजावा कसा? या जातीच्या कायद्यांत जगभर जें साधन प्रचारांत आलें, तें माक्सिमिलियां रिंगेलमान नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८८८ च्या सुमारास काढलेला एक तक्ता होय. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या, एकीपेक्षां दुसरी अधिक दाट. निरीक्षकानें तो तक्ता समोर धरावा, धुराड्याच्या तोंडाकडे पहावें, आणि धूर कितव्या जाळीइतका काळा आहे तें वहींत लिहावें. युक्ति सुटसुटीत होती आणि तिचा कांहीं उपयोगही झाला, हें मान्य केलें पाहिजे. कारण काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा, आणि भट्टीवाल्यास दटावलें तर तो कोळसा नीट जाळूं लागतो.

तथापि या पद्धतींत दोन गोष्टी सुटल्या, आणि माझ्या समजुतीप्रमाणें त्यांपैकीं दुसरी आजतागायत पुरती हातीं लागलेली नाहीं. पहिली ही कीं, कोळशांतील गंधक जळून होणारा सल्फर डायऑक्साइड हा वायु डोळ्यांस दिसत नाहीं. तक्त्यावर त्याला जागाच नाहीं. दुसरी अशी कीं, निरीक्षक एका वेळीं एकाच धुराड्याकडे पाहत असे. लालबागच्या चाळींत राहणारा मनुष्य मात्र एका धुराड्याचा धूर हुंगत नव्हता. त्याच्या नाकाशीं जें येई ती सर्वांची बेरीज असे, आणि त्या बेरजेचें उत्तरदायित्व कोणत्याच गिरणीकडे नसे. प्रत्येक धुराडें नियमांत बसलें म्हणजे सर्वांखालची हवाही नियमांत बसली असें गृहीत धरण्यास वस्तुतः कांहींच आधार नव्हता.

मुंबईचा गिरणीधूर पुढें ओसरला, तो माझ्या मतें निरीक्षकांपेक्षां पाण्यामुळें अधिक. टाटांच्या योजनेनें लोणावळ्याच्या तलावांचें पाणी खोपोलीस उतरवून १९१५ सालापासून गिरण्यांना वीज पुरविण्यास सुरवात केली, आणि १९२७ सालीं आमच्याच जिल्ह्यांतील भिरा येथें मुळशीच्या पाण्यावर दुसरें वीजघर चालूं झालें. वाफेचीं यंत्रें हळूहळू मागें पडलीं. या विजेसाठीं मुळशी पेट्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं तेथील शेतकऱ्यांनीं १९२१ पासून सत्याग्रह केला, हें येथें विसरून चालणार नाहीं. एका ठिकाणची हवा धुण्याचा खर्च दुसऱ्या ठिकाणच्या लोकांनीं सोसला.

असो. धूर पसरतो कसा, याचें गणित मात्र गिरण्यांच्या चौकशींतून निघालें नाहीं. त्याची उत्पत्ति अधिक कडू आहे. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानें कित्येक हजार नळकांडीं ओळीनें मांडून त्यांतील क्लोरीन वायु एकदम वाऱ्यावर सोडला. हजारों तोंडांतून निघालेला वायु एक होऊन भिंतीसारखा पुढें सरकला. अनेक उगमांचा वायु एकत्र होऊन किती दूर, किती दाट जातो, हा प्रश्न त्या दिवशीं लष्करी प्रश्न बनला. इंग्लंडांत १९१६ सालीं पोर्टन येथें त्यासाठीं संशोधनकेंद्र निघालें, आणि धुराच्या गणितांत पुढें ज्यांचीं नांवें झालीं त्या ऑलिव्हर सटन व फ्रँक पास्क्विल या दोघांनींही तेथें काम केलें.

मूळ कल्पना मात्र केंब्रिजच्या जेफ्री टेलर यांची. टायटॅनिक जहाज बुडाल्यानंतर १९१३ सालीं उत्तर अटलांटिकांत हिमनगांवर नजर ठेवण्यास ‘स्कोशिया’ नांवाचें जहाज पाठविलें होतें. त्यावर टेलर हवामानशास्त्रज्ञ म्हणून गेले आणि पतंग उडवून समुद्रावरील हवेचें तपमान निरनिराळ्या उंचीवर मोजीत राहिले. हवेंतले लहानमोठे भोवरे उष्णता कशी वरखालीं नेतात, तें त्यांना तेथें दिसलें. १९२१ सालच्या निबंधांत त्यांनीं धुराच्या कणाचा विचार मांडला. प्रत्येक कण भोवऱ्यांच्या धक्क्यानें कसाही भरकटतो, एका कणाचें भविष्य सांगतां येत नाहीं. पण असंख्य कणांचा समुदाय कसा पसरेल तें सांगतां येतें. शिक्षकाला हें चटकन पटावें. एखाद्या मुलाला किती गुण पडतील तें आधीं सांगवत नाहीं. परंतु पुष्कळ मुलांचे गुण कागदावर मांडले तर मधल्या गुणांचीं मुलें पुष्कळ, दोन्ही टोकांचीं थोडीं, अशी घंटेच्या आकाराची रेषा बहुधा निघते. धुराच्या लोटाचा आडवा छेद घेतला तर तोही असाच असतो: मध्यभागीं दाट, कडेला विरळ, आणि लोट जसजसा दूर जातो तसतशी घंटा बसकी व रुंद होत जाते.

याच काळांत लुई फ्राय रिचर्डसन यांनीं १९२६ सालीं दाखविलें कीं, धुराचा ढग जितका मोठा होतो तितके मोठे भोवरे त्याला फोडूं लागतात व त्याच्या पसरण्याचा वेग वाढतो. हे गृहस्थ क्वेकर पंथाचे व युद्धविरोधी. हवामानखातें विमानदळाच्या मंत्रालयाकडे जातांच १९२० सालीं त्यांनीं नोकरी सोडली होती. ज्या विद्येचा जन्म विषारी वायूच्या छायेंत झाला, तिच्यांत असाही एक मनुष्य होऊन गेला म्हणून त्याचा उल्लेख केला.

आतां या इतिहासांतील सर्वांत गंभीर प्रकरणाकडे वळूं. आमच्या खोऱ्याच्या दृष्टीनें मला तेंच सर्वांत महत्त्वाचें वाटतें. बेल्जममध्यें म्यूज नदीचें एक अरुंद खोरें आहे. हुई व लीएज या शहरांमधील सुमारें वीस किलोमीटरच्या पट्ट्यांत नदीच्या कांठीं कोळशाच्या भट्ट्या, पोलादाचे, जस्ताचे, कांचेचे, खताचे व गंधकाम्लाचे कारखाने एकापुढें एक उभे होते. दोन्ही बाजूंस डोंगर. १९३० सालच्या डिसेंबरच्या पहिल्या दिवशीं तेथें दाट धुकें पडलें आणि तें पांच दिवस हाललें नाहीं. तिसऱ्या दिवसापासून लोकांना श्वास कोंडूं लागला. साठांहून अधिक माणसें दगावलीं, गुरेंही मेलीं.

चौकशी झाली. कोणत्याही एका कारखान्यांत स्फोट झाला नव्हता, कोठली टाकी फुटली नव्हती. कारखाने नित्याप्रमाणें चालले होते, आणि नित्याचाच धूर सोडीत होते. नित्याचें नव्हतें तें हवामान. थंडींत रात्रीं जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार व जड होऊन खोऱ्याच्या तळाशीं बसते आणि वरची हवा तिच्याहून उबदार राहते. भूगोलाच्या पुस्तकांत आपण यालाच तापमानाची विपरीतता म्हणतों. अशा वेळीं खालची हवा वर चढत नाहीं. खोऱ्यावर झांकण ठेवल्यासारखें होतें. एरव्हीं उंच जाऊन विखुरणारा सर्व कारखान्यांचा धूर त्या झांकणाखालीं एकत्र सांठला, आणि त्यांतल्या गंधकाच्या वायूचें धुक्याच्या थेंबांत आम्ल बनलें. लीएज येथील प्राध्यापक फिर्के यांनीं चौकशीचे निष्कर्ष पुढें १९३६ सालीं लंडनच्या फॅरडे सोसायटीपुढें मांडले, तेव्हां त्यांनीं एक त्रैराशिकही केलें: असेंच धुकें लंडनवर बसलें तर लोकसंख्येच्या मानानें तेथें सुमारें ३२०० माणसें मरतील. १९५२ सालच्या डिसेंबरांत लंडनवर पांच दिवस धुकें बसलें, आणि त्या वेळच्या सरकारी गणनेप्रमाणेंच सुमारें ४००० माणसें अधिक मेलीं. त्रैराशिकाचें उत्तर सोळा वर्षें छापील पानावर पडून होतें.

फॅरडे सोसायटीच्या कार्यवृत्ताच्या त्याच १९३६ सालच्या खंडांत बोझनकेट व पिअर्सन या दोघांचा, धुराड्याचा धूर जमिनीवर कोठें व किती उतरतो याचें सूत्र देणारा निबंध आहे. म्हणजे रोगाचें वर्णन आणि त्याचें गणित हीं दोन्हीं एकाच पुठ्ठ्यांत बांधलीं गेलीं होतीं; त्यांची गांठ मात्र पडावयाला पुष्कळ काळ लागला.

त्या सूत्रांचें मर्म मी थोडक्यांत सांगतों. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर धुराचें प्रमाण निम्में होतें, कारण तेवढाच धूर दुप्पट हवेंत वांटला जातो. धुराड्याची उंची दुप्पट केली तर जमिनीवरील सर्वाधिक प्रमाण सुमारें चतुर्थांशावर येतें, आणि ती सर्वाधिक जागा धुराड्यापासून अधिक दूर सरकते. राहिला हवेचा खळबळाट. त्याची सोपी किल्ली पास्क्विल यांनीं १९६१ सालीं दिली. वाऱ्याचा वेग, दिवसा उन्हाची तीव्रता आणि रात्रीं ढगांचें आच्छादन एवढ्या तीन गोष्टी पाहून हवेला ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत सहांपैकीं एका वर्गांत बसवावयाचें, ‘ए’ म्हणजे भर दुपारची उकळती हवा, ‘एफ’ म्हणजे निरभ्र रात्रीची निपचित हवा. शाळेच्या पटांगणांत उभें राहून एखाद्या चुणचुणीत मुलालाही हा वर्ग ठरवितां यावा, इतकी ती युक्ति सोपी आहे. प्रत्येक वर्गांत लोट किती अंतरावर किती रुंद होतो, याचे तक्ते तयार झाले.

मग अनेक धुराड्यांचें काय? येथें निसर्गानें गणित्यावर एक उपकार केला आहे. एका धुराड्याचा विरळ झालेला धूर दुसऱ्याच्या धुराला अडवीत नाहीं; दोन्ही एकाच हवेंतून आपापल्या परीनें पसरतात. म्हणून प्रत्येक धुराड्यापासून वाऱ्याच्या दिशेनें एक रेघ काढावी, आपलें घर त्या रेघेच्या किती पुढें व किती बाजूला आहे तें मोजावें, त्या एका धुराड्याचा घराशीं येणारा अंश काढावा. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. आणि शेवटीं सर्वांची बेरीज करावी. वारा फिरला कीं पुन्हां पहिल्यापासून सारें करावें. वर्षभरांत कोणत्या दिशेनें किती तास वारा वाहतो त्याची नोंद असली म्हणजे वर्षाची सरासरी निघते. काम अवघड नाहीं, पण कंटाळवाणें फार. शंभर धुराडीं, पांचशें घरें व सोळा दिशा धरल्या तर आठ लक्ष गणितें होतात. संगणक आल्यावरच तें व्यवहार्य झालें. अमेरिकेंतील नॅशव्हिल शहराचा असा हिशेब ब्रूस टर्नर यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढें त्यांनींच लिहिलेली उदाहरणांची पुस्तिका जगभरच्या अभियंत्यांची अंकलिपी झाली.

आपल्याकडे ही विद्या चेंबूर-तुर्भ्यानें शिकविली, असें म्हणतां येईल. १९५४-५५ सालीं तेथें दोन तेलशुद्धि कारखाने निघाले, १९५६ सालीं औष्णिक वीजघर, १९६५ सालीं खताचा कारखाना. डोंगर व खाडी यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या भागाला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणूं लागले. हवेच्या प्रदूषणाचा अखिल भारतीय कायदा १९८१ सालीं झाला. २०११ सालीं केंद्रीय मंडळानें सहा शहरांच्या हवेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत मुंबईचें काम नागपूरच्या नीरी संस्थेकडे होतें. शहराचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनांतील कारखाने, वाहनें, चुली, रस्त्यांची धूळ हीं सर्व निरनिराळीं धरून त्यांची बेरीज तेथें मांडलेली आहे. १९१२ च्या निरीक्षकाला जी बेरीज सुचली नव्हती ती शंभर वर्षांनीं कागदावर आली. तोंवर १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडून त्यांचीं धुराडीं थंड झालीं होतीं.

परंतु कारखान्याला परवानगी देतांना कोणता हिशेब होतो? आपल्या नियमाप्रमाणें, धुराड्यांतून दर तासास किती किलोग्रॅम सल्फर डायऑक्साइड निघतो तो आंकडा घ्यावयाचा, त्याचा तीन-दशांश घात काढून त्याला १४ नें गुणावयाचें. येईल तितके मीटर उंची ठेवावयाची, आणि सर्वसाधारणपणें ती ३० मीटरांहून कमी नसावी. लहान बाष्पकांना निराळा तक्ता आहे, तो सोडून देऊं. आतां हें गणित करून पहा. एका मोठ्या कारखान्यांतून तासाला १०० किलोग्रॅम वायु निघत असेल तर त्याचें धुराडें सुमारें ५६ मीटर उंच हवें. तोच १०० किलोग्रॅम दहा लहान कारखान्यांत सारखा वांटला, तर प्रत्येकाची उंची सूत्राप्रमाणें २८ मीटर येते, म्हणून किमान ३० मीटरांनीं भागतें. हे दहा कारखाने एकमेकांस लागून एकाच वसाहतींत असले तरी उत्तर बदलत नाहीं, कारण सूत्राला शेजारी ठाऊक नाहीं. उंचीच्या वर्गाचा नियम लावला तर या दहांच्या खालच्या लोकांना, त्या एका मोठ्या कारखान्याच्या मानानें, सुमारें साडेतीनपट धूर मिळावा. धूर स्वतःच्या उष्णतेनें जो वर चढतो तो येथें धरलेला नाहीं; धरला तरी एकवटलेला मोठा गरम लोटच अधिक उंच चढतो, म्हणजे तफावत कमी होण्याऐवजीं वाढेल. आमच्याकडची वसाहत, आणि कोंकणांतल्या बहुतेक रासायनिक वसाहती, या अनेक लहानमध्यम कारखान्यांच्याच आहेत.

नवीन प्रकल्पाच्या पर्यावरण-अहवालांत पुढची पायरी असते, हें खरें. आजूबाजूची हवा आधीं मोजतात, तींत आपल्या धुराड्याची भर गणितानें घालतात, आणि बेरीज मर्यादेंत आहे असें दाखवितात. पण पांच प्रकल्प एकाच सुमारास आले, तर पांचही जण तीच मूळ हवा धरतात व प्रत्येक जण आपलीच भर घालतो. पांच मुलांनीं एकाच गंजींत आपापला तांब्या रिकामा करावा आणि प्रत्येकानें ‘माझ्या एका तांब्यानें गंज भरत नाहीं’ असें सांगावें, तशांतला हा प्रकार. शिवाय रासायनिक वसाहतींत बेरीजही नेहमीं साधी राहत नाहीं. एका धुराड्याचा अमोनिया व दुसऱ्याच्या गंधकवायूपासून झालेलें आम्ल एकत्र येऊन क्षाराचे सूक्ष्म कण बनतात, आणि ते फुप्फुसांत खोल जातात. दोहोंपैकीं कोणाच्याही नोंदींत तो कण नसतो.

आतां आमचें खोरें पहा. पूर्वेस सह्याद्रि, उत्तरेस रायगडाकडील डोंगर, मधून सावित्री बाणकोटच्या खाडीकडे जाते. दिवसा खारे वारे खाडीवरून वर खोऱ्यांत शिरतात. रात्रीं डोंगरावरून गार वारा उताराच्या दिशेनें खालीं, समुद्राकडे, सरकतो. त्याला किनाऱ्यावर मतलई वारे म्हणतात. म्हणजे एकच धूर दिवसा पोलादपुराच्या बाजूस आणि रात्रीं परत खालच्या गांवांकडे, अशी त्याची ये-जा होऊं शकते. पाठ्यपुस्तकांतला धूर सरळ रेघेनें जातो व परत येत नाहीं. ज्या मोजमापांवर हीं सूत्रें घांसून पाहिलीं, त्यांतलें सर्वांत प्रसिद्ध मोजमाप १९५६ सालीं अमेरिकेंत नेब्रास्का प्रांतांतील एका सपाट कुरणावर झालें. गवत कापून घेतलेलें, डोंगर नाहीं, खाडी नाहीं. तेथील आंकडे येथें जसेच्या तसे लावणें म्हणजे पठारावरचें बियाणें खाजणांत पेरणें होय. डोंगर धरणारीं नवीं गणितें निघालीं आहेत; अमेरिकेनें २००५ सालीं स्वीकारलेलें ‘एरमॉड’ हें त्यांपैकीं एक, आणि धुराचे सुटे ढग फिरत्या वाऱ्याबरोबर पुढेंमागें नेऊन त्यांचा मागोवा घेणारीं गणितेंही आहेत. पण त्यांना त्याच जागेचा वारा लागतो. अलिबाग समुद्रकांठीं आहे, महाबळेश्वर सुमारें साडेतेराशें मीटर उंच. या दोहोंच्या नोंदींवरून बिरवाडीच्या तळच्या पहाटवाऱ्याचा अंदाज बांधणें धाडसाचें आहे.

खोऱ्यांतल्या सकाळीं काय घडतें तें कॅनडांतील ट्रेल गांवच्या प्रकरणांत उघड झालें. कोलंबिया नदीच्या खोऱ्यांतील तेथल्या धातूच्या भट्टीनें आपलीं धुराडीं सुमारें १२५ मीटर उंच नेलीं होतीं, तरी सरहद्दीपलीकडील अमेरिकन शेतकऱ्यांचीं पिकें करपलीं. दोन राष्ट्रांमध्यें लवाद बसला. १९३८ व १९४१ सालीं त्यानें निवाडे दिले. हवामानाच्या तपासांत असें दिसलें कीं, रात्रभर झांकणाखालीं तरंगत राहिलेला धूर उजाडल्यावर ऊन लागतांच ढवळला जातो, आणि खोऱ्याच्या मोठ्या लांबींत जवळजवळ एकाच वेळीं जमिनीवर उतरतो. म्हणून लवादानें उंचीवर समाधान न मानतां, दिवसाची वेळ, वाऱ्याची दिशा व हवेची खळबळ पाहून त्या त्या तासाला किती गंधक सोडावें याचें कोष्टक भट्टीला घालून दिलें. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वींचा हा निवाडा. एका भट्टीपुरता होता, पण तेथें सूत्राला हवामान ठाऊक होतें.

शाळेंत आपण सर्वांनीं नळ-हौदाचें गणित केलें आहे. झांकण पडलेल्या खोऱ्याला तेंच लागू पडतें: कारखाने हे भरणारे नळ, आणि वारा हा रिकामें करणारा नळ. समजा, खोरें ४ किलोमीटर रुंद, झांकण २०० मीटरांवर, वारा सेकंदास १ मीटर. म्हणजे दर सेकंदास ८ लक्ष घनमीटर हवा पुढें जाते. सर्व कारखाने मिळून तासाला तोच १०० किलोग्रॅम, म्हणजे सेकंदास सुमारें २८ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड सोडतात. भागाकार केला तर घनमीटरमागें ३५ मायक्रोग्रॅम येतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. आपल्या २००९ सालच्या मानकाप्रमाणें चोवीस तासांची मर्यादा ८० आहे, तेव्हां चिंता नाहीं. आतां पहाटे झांकण १०० मीटरांवर उतरलें आणि वारा अर्धा झाला असें धरा; कारखान्यांनीं अधिक कांहींच सोडलें नाहीं. हवा चौथा हिस्सा उरली, प्रमाण १४० झालें. धुराडें ३० मीटरांचें असो कीं ५६ मीटरांचें, दोन्ही झांकणाखालींच आहेत. हे आंकडे मीं उदाहरणासाठीं घेतले आहेत, पण रीत खरी आहे; आणि खरे आंकडे घालावयाचे तर प्रत्येक कारखान्याची तासावारी सूट एका यादींत यावी लागेल आणि खोऱ्याच्या तळाशीं वारा व तपमान पहाटेचें मोजावें लागेल.

एक बारीक गोष्ट सांगून रजा घेतों. सल्फर डायऑक्साइडसाठीं आपल्याकडे मानक आहे तें वर्षाच्या सरासरीचें व चोवीस तासांच्या सरासरीचें. एका तासाचें नाहीं. अमेरिकेनें २०१० सालीं एका तासाचें मानक केलें. वरच्या उदाहरणांत पहाटे चारपासून आठपर्यंत १४० चें प्रमाण राहिलें आणि उरलेले वीस तास ३५ चें, असें समजा. त्या चार तासांत बायका पाण्याला गेलेल्या असतात, दम्याचा रोगी उठून बसलेला असतो, आणि सकाळच्या शाळेचीं मुलें वाटेला लागलेलीं असतात. चोवीस तासांची सरासरी साडेबावन्न येते. मापकाच्या वहींत साडेबावन्न हा आंकडा लिहिला जाईल, आणि तो ८० च्या आंत आहे.